खापरमास्तरांनी लावलेली रफूची ओळ

खापरमास्तर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण गल्लीने एकदा नाव ठेवलं की आईबापांनी ठेवलेलं कोण लक्षात ठेवतो? मास्तरांनी जन्मात कुठल्या शाळेची पायरी शिक्षक म्हणून चढली नव्हती. उत्खनन खात्याच्या गोदामात, एका लांबलचक टेबलापाशी बसून, फुटक्या मडक्यांचे तुकडे निवडण्यात त्यांची बरीचशी हयात गेली. घरोघरी तांदूळ निवडतात तसंच ते काम. फरक इतकाच, की बाकीचे खडे फेकून देतात आणि मास्तर खडेच जपून ठेवायचे. 'खापर' तिथून आलं. 'मास्तर' आलं त्यांच्या जिभेमुळे. समोर सापडेल त्याला शिकवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागायचं नाही.

सापडायचा बहुतेक वेळा दूधवाला.

"लोकांना वाटतं," मास्तर दाराच्या चौकटीला टेकून सुरू करायचे, "दगडाच्या युगातला माणूस रात्री झोपला आणि सकाळी तांब्याच्या युगात उठला. अरे, असं नसतं. शेजाऱ्याकडे तांब्याची सुरी आली तरी याच्या घरात दगडाचंच पातं चालू असायचं. युगं आपण पाडली, आपल्या सोयीसाठी. कपाटाला कप्पे लागतात ना, तशी."

"तुमच्याकडे तो जुना रेडिओ आहे अजून," दूधवाला म्हणायचा. "मग तुम्ही कुठल्या कप्प्यातले, मास्तर?"

"तो वाजतो अजून."

"वाजतो की खरखरतो?"

आतून मास्तरीणबाईंचं हसू ऐकू यायचं. बाई बोलायच्या कमी, हसायच्या नाकातल्या नाकात. बायकोच्या वाट्याचं आणि स्वतःच्या वाट्याचं, दोन्ही बोलणं मास्तरांनीच उरकल्यावर बाईंना बोलायला उरणार काय, असं गल्लीचं मत होतं, आणि गल्लीची मतं फुकट असल्यामुळे मुबलक असतात.

बाईंचा हात मात्र बोलका होता. तरुणपणी मास्तर गोदामात कमी आणि खड्ड्यात जास्त असायचे. खोदकामावर माणूस पायांवर चालत नाही, गुडघ्यांवर चालतो. पँटचे गुडघे, शर्टची कोपरं, मोज्यांच्या टाचा, सगळं आठवड्याला फाटायचं. ते सगळं बाई रफू करायच्या. एकजण गुडघ्यावर संसार करतोय आणि दुसरी ते गुडघे जोडतेय, असा त्यांचा जोडा. आणि या जोड्याचा एक जुना विनोद होता. बाईंनी रफू केलेलं कापड पुढे केलं की मास्तर खिशातलं भिंग काढायचे, खापराचा तुकडा बघतात तसे टाके बघायचे, उजेडाकडे धरायचे, उलटे करायचे, आणि मग निकाल द्यायचे. "पास." कधीतरी गमतीने, "हा टाका जरा ढिला आहे. काठावर पास." बाई कापड हिसकावून घ्यायच्या आणि हसायच्या. लग्नानंतर पहिल्याच वर्षी सुरू झालेला हा विनोद मास्तरांनी कधी बंद केला नाही. त्यांना तो आवडायचा. आणि आपल्याला आवडतो तो विनोद समोरच्यालाही आवडतोच, ही तर पुरुषांची जन्मजात समजूत.

निवृत्तीनंतर मास्तर दिवसभर घरात बसू लागले. भिंग घरात आलं. खड्डे बंद झाले तरी काही ना काही फाटतच असतं. मास्तर तर सांगत सुटले होते, "हिचा हात वयाबरोबर निवळत चाललाय बघा. या उशीच्या अभ्र्यावर रफू कुठे आहे ते शोधून दाखवा." पाहुणे शोधायचे, सापडायचं नाही, बाई खाली मान घालून बसायच्या. लाजतात, असं सगळ्यांना वाटायचं.

मग एके दिवशी बाई गच्चीवर वाळत घातलेले कपडे आणायला गेल्या त्या आल्याच नाहीत. शोधल्यावर वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडात सापडल्या. तिथल्या पलंगावर बसून त्या लोकांचे कपडे अगदी घडी मोडणार नाही अशा नीट घड्या करून ठेवत होत्या. गल्ली दोन दिवस हसली. "आमच्याकडेही पाठवा हो बाईंना," असं म्हणाली. मग एकदा त्या आपल्याच दारासमोर पिशवी घेऊन उभ्या राहिल्या आणि जाणाऱ्या बाईला विचारू लागल्या, "इथे राहतात ते लोक कसे आहेत हो?" त्यानंतर गल्ली हसली नाही.

डॉक्टरांकडे मास्तर गेले तेव्हा सोबत मेहुणी होती. बाईंची धाकटी बहीण. ही बहीण म्हणजे ताईच्या वाट्याचं उरलेलं सगळं बोलणं घेऊन जन्माला आलेली. भाऊजींना टोमणा मारायची संधी तिने आजवर सोडली नव्हती आणि भाऊजींनीही ती दिल्याशिवाय दिवस घालवला नव्हता.

डॉक्टरांनी बाईंना वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. बाईंनी गोल छान काढला आणि सगळे आकडे एका बाजूला दाटीने बसवले, बसमध्ये माणसं दाराशीच गर्दी करतात तसे. मग डॉक्टर मास्तरांकडे वळले.

"हे असं कधीपासून होतंय?"

मास्तरांनी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारलेला प्रश्न हा. कुठलीही वस्तू हातात आली की पहिला शब्द 'कधीची?' तोच प्रश्न आज उलटून त्यांच्यावर आला.

"तसं... अलीकडेच."

"अलीकडे म्हणजे?"

"सांगा ना, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "पाच हजार वर्षांपूर्वीचं तर न अडखळता सांगता."

डॉक्टर हसले नाहीत. मास्तरही नाहीत. बाहेर आल्यावर, बाकावर ताईला बसवून, मेहुणीने भाऊजींना खिडकीपाशी बाजूला घेतलं. आता तिच्या आवाजात टोमणा नव्हता.

"ताईला मी माझ्याकडे नेते."

"का?"

"तुमच्याने व्हायचं नाही. अहो, एका घरात, समोरासमोर बसून, ज्या माणसाला दिसलंच नाही, तो सांभाळणार कसा?"

"मला दिसलं होतं," मास्तर म्हणाले. "फार दिवस झालेलेच नाहीत. हे एकदम आलंय. परवापरवापर्यंत ठणठणीत होती ती."

"कशावरून?"

तिने आपलं सहज म्हटलं. पण 'कशावरून' हा गोदामातला रोजचा शब्द होता. तिथे मोठे साहेब आले की प्रत्येक पेटीपुढे उभं राहून हाच एक शब्द बोलायचे, आणि मास्तर प्रत्येक पेटीपुढे त्याचं उत्तर द्यायचे.

"रविवारी ये," मास्तर म्हणाले. "कशावरून ते सांगतो. नाही पटलं तर घेऊन जा."

आता झालं असं, की दुखणं अलीकडचं असेल तर मास्तर निर्दोष, आणि बायको घरात राहणार. दुखणं जुनं असेल तर मास्तरांच्या डोळ्यांदेखत ते वाढत गेलं आणि त्यांना पत्ता नाही. मग कुठल्या तोंडाने तिला ठेवून घ्यायचं? पण हे ठरवायचं कसं? बाईंना विचारून उपयोग नव्हता. बाईंनी कुठे काही लिहूनही ठेवलेलं नव्हतं. वाण्याची यादीसुद्धा त्या तोंडपाठ नेत.

पण याने अडून बसतो तो मास्तर कसला! ज्या काळाने स्वतःबद्दल एक अक्षर लिहून ठेवलेलं नाही, त्याच काळाची तर त्यांनी चाकरी केली होती. लेखी काही नसेल तर वस्तूंना विचारायचं. माणूस खोटं बोलतो, विसरतो. घरातल्या वस्तूंना तेवढी अक्कल नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कपाटं उघडली. घरात जिथे जिथे बाईंच्या हातचं रफू होतं ते सगळं बाहेर काढलं. शर्ट, पँटी, मोजे, टॉवेल, चादरी, अभ्रे, खोदकामावरची कॅनव्हासची पिशवी, माळ्यावरच्या ट्रंकेतलं लेकीचं लहानपणचं झबलं. लेक दूर देशी, तिला यातलं अजून फारसं सांगितलंही नव्हतं. बाई खुर्चीत बसून बघत होत्या.

"धुवायला काढलंत का?" त्यांनी विचारलं.

"नाही गं. लावतोय जरा."

"मी देऊ का घड्या करून?"

"नको, नको. तू हात लावू नकोस." गोदामात नव्या माणसाला सांगावं तसं ते बोलून गेले. बाईंनी हात मांडीवर घेतले.

मास्तरांची पद्धत म्हटलं तर सोपी होती. समजा, निरनिराळ्या ठिकाणची मडकी हाती आली, आणि कुठलं आधीचं, कुठलं नंतरचं हे माहीत नाही. मग बघायचं, कुठलं कुणासारखं आहे. काठ जरा बदलला, नक्षी जरा बदलली, अशी सारख्याला सारखं लावत गेलं की एक ओळ तयार होते. माणसांच्या सवयी हळूहळू बदलतात, त्यामुळे शेजारी शेजारी काळानेही बहुधा शेजारीच असतात. गोची एकच. ओळ लागते, पण तिचं तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे ओळ सांगत नाही. त्यासाठी बाहेरचा पुरावा लागतो. अमुक थरातला, अमुक राखेबरोबरचा, असा निदान एक तरी तुकडा, ज्याचा काळ वेगळ्या वाटेने कळलेला आहे. तो मिळेपर्यंत ओळ उलटीही असू शकते. नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर हे सांगायचे आणि वर म्हणायचे, "साधं ते आधीचं आणि सुबक ते नंतरचं, असं समजणारे आले तसे गेले. कारागीर बिघडतातसुद्धा."

कारागीर बिघडतातसुद्धा. याच वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ओळ लावली. एका टोकाला असं रफू, की जिथे धागा कापडाचाच होऊन गेला आहे. दुसऱ्या टोकाला जाड दोरा, लांब लांब टाके, ओढलेलं कापड. मधे उतरत्या क्रमाने बाकीचं. चांगल्या टोकाला त्यांनी 'आधी' म्हटलं आणि वाईट टोकाला 'नंतर'. ते काही त्यांनी तपासून ठरवलं नाही. ते त्यांच्या मनात आधीच ठरलेलं होतं. आजारी हात बिघडणारच, यात तपासायचं काय?

अडचण आली ती लेकीच्या झबल्याची. त्यावरचं ठिगळ अगदी धसमुसळं, वाईट टोकाला शोभणारं. लेक तर केव्हाच मोठी झालेली. साधा माणूस इथे थांबला असता. पण मास्तर साधे कुठे होते? त्यांच्या धंद्यात नको त्या थरात नको ती वस्तू सापडली की म्हणायचं, उंदराच्या बिळातून घसरली असेल. त्यांनी मनाशी जुळवलं, झबलं जुनं, पण ठिगळ नवं. बाईंनी भ्रमिष्टपणात ट्रंक उघडून आत्ता कधीतरी शिवलं असणार. झबलं मुकाट्याने वाईट टोकाला गेलं.

आणि ओळ बोलू लागली, मास्तरांना हवं ते. सुबक रफू ढीगभर, ओबडधोबड मोजकं. म्हणजे चांगला काळ लांबलचक, वाईट काळ एवढासा. मास्तरांना दोन रात्री झोप लागली.

रविवारी मेहुणी आली ती ताईसाठी मऊ चपला घेऊनच आली. निर्णय पायात घालूनच आली म्हणा ना. आल्याबरोबर ताईच्या पलंगावर मांडी ठोकून बसली. बाईंनीही पाय वर घेतले. दोघी उशीला टेकून कुजबुजू लागल्या. बाई काहीतरी सांगता सांगता अडल्या, शब्द सापडेना, तर हातानेच हवेत गोल काढून दाखवला, आणि दोघी फिदीफिदी हसल्या.

मास्तर खाकरले. बाईंनी पाय खाली घेतले. पाठ सरळ केली. केसांवरून हात फिरवला.

मास्तरांनी ते पाहिलं, पण त्यांचं ध्यान ओळीत होतं. बाहेरच्या खोलीत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी कपडे मांडून ठेवले होते.

"अगं बाई," मेहुणी म्हणाली. "ताईचं म्युझियम केलंत की हो. तिकीट लावा आता."

"थट्टा मागाहून कर. आधी ऐक." आणि मास्तरांनी समजावलं, अगदी दूधवाल्याला समजवायचे तसं. सारख्याला सारखं. चांगला काळ, वाईट काळ. वाईट किती थोडा आहे ते बघ. "हे इथून सुरू होतं. हे सगळ्यात जुनं काम, हात शाबूत असतानाचं. बघ, रफू सापडतंय का."

मेहुणीने वाकून पहिली वस्तू उचलली. राखाडी स्वेटर. कोपरावर बोट फिरवलं, काही सापडलं नाही.

"हा जुना?"

"गोदामातला. थंडीत तोच घालायचो."

"गोदामातला तो वेगळा, कॉलर उसवलेला. तो तर ताईने पुसणं करून टाकला. हा ऑफिसने निरोपाला दिलेला, भाऊजी. मी नव्हते का आले समारंभाला? घरी येऊन आपण हसलो नाही का, की माणसाने आयुष्य मातीत काढलं तरी ऑफिसने रंग मातीचासुद्धा दिला नाही, राखेचा दिला म्हणून."

मास्तरांनी स्वेटर हातात घेतला. कॉलर बघितली. नव्हती. गळा गोल होता.

निरोपाला मिळालेला स्वेटर निरोपाच्या आधी फाटू शकत नाही. एवढं कळायला पुरातत्त्व लागत नाही.

त्यांनी दुसरी वस्तू पुढे केली, पण आता बोलले नाहीत. "हा अभ्रा मी आणलेला," मेहुणी म्हणाली, "तुम्ही रिटायर झाल्यावर नवी गादी केलीत तेव्हा." तिसरा टॉवेल तिला ओळखू आला नाही. चौथा शर्ट आला. ती ओळीवरून चालत शेवटच्या टोकाला गेली आणि झबलं उचलून तिने गालाला लावलं.

"हे ठिगळ आठवतंय मला. पोरगी कडेवर, तुम्ही खोदकामावर, दारात कुणीतरी हाका मारतंय, आणि ताई उभ्या उभ्या शिवतेय. मी म्हटलं, अगं, जरा नीट घाल टाके. तर म्हणाली, फाटेल उद्या परत, कोण बघतंय." मेहुणी हसली. "तेव्हा अशीच होती हो ती. धाडधाड. हे बारीक कोरीव काम तर तिने आत्ता सुरू केलं."

"आत्ता म्हणजे?"

"तुम्ही घरी बसायला लागल्यावर. दुपारी माझ्याकडे घेऊन यायची. तुम्हाला सांगायची भाजी आणायला जाते. बसायची खिडकीत. एक टाका घालायची, उसवायची. पुन्हा घालायची, पुन्हा उसवायची. एका मोज्याला एक अख्खी दुपार. मी म्हणायचे, अगं, मोजा आहे तो, त्याला काय एवढं? तर म्हणायची..."

तिने ठिगळावरून बोट फिरवलं.

"काय म्हणायची?"

"म्हणायची, ते बघतात गं." मेहुणीने झबलं खाली ठेवलं. "मला वाटायचं, कौतुकाने म्हणते."

मास्तर जमिनीवर बसले. ओळ त्यांच्यासमोर तशीच होती, एकही कपडा हलला नव्हता, फक्त ती आता दुसऱ्या बाजूने वाचायची होती. ज्याला त्यांनी शाबूत हात म्हटलं होतं तो घाबरलेला हात होता. हात चुकतोय हे ज्या दिवशी बाईंना पहिल्यांदा कळलं त्या दिवसापासून टाके बारीक होत गेले होते. धागा विसरायला होतं, म्हणून धागा मोजून. जागा हरवते, म्हणून बोट ठेवून. ओबडधोबड काम थोडं उरलं होतं, कारण जुने कपडे केव्हाच फाटून संपले होते. वाईट काळ छोटा होता म्हणून नव्हे. आणि सुबक ढीग, ज्याच्याकडे बोट दाखवून, हिचा हात निवळतोय, असं ते स्वतःच पाहुण्यांना सांगत सुटले होते, तो सगळाच्या सगळा दुखण्याचा ढीग होता. तो संपत होता तिथे पुढे काहीच नव्हतं. गेल्या वर्षभरात घरात काही रफू झालंच नव्हतं. मास्तरांना वाटलं होतं, फाटत नाही. खरं म्हणजे पास होण्याची आशा सुटली तेव्हा बाईंनी सुई ठेवून दिली होती.

सगळं त्यांच्या भिंगाखाली झालं होतं. त्यांनी प्रत्येक टाका पाहिला होता.

"भाऊजी," मेहुणीला काय झालं ते नीट कळलं नव्हतं, पण भाऊजी गप्प आहेत एवढं कळलं, आणि ही गोष्टच भीती वाटण्यासारखी होती. "अहो, मी आपलं रागाने बोलले होते त्या दिवशी. राहू दे हवं तर. मी येत जाईन रोज."

मास्तरांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. बाई पलंगाच्या कडेवर ताठ बसल्या होत्या, पाय जमिनीला, हात मांडीवर, निकालाची वाट बघणाऱ्या मुलीसारख्या. मेहुणी आत असती तर त्या टेकल्या असत्या. शब्द अडला असता तर हवेत गोल काढला असता. इथे, या घरात, या माणसासमोर, त्या एवढी वर्षं टेकल्याच नव्हत्या.

"तिची निळी बॅग माळ्यावर आहे," मास्तर म्हणाले. "काढतो."

"अहो, पण..."

"तुझ्याकडे ती पाय वर घेऊन बसते," मास्तर म्हणाले आणि स्टूल आणायला गेले.

गल्लीत दुपारपर्यंत बातमी झाली. बायको आजारी पडली तर बहिणीकडे पोचवून मोकळा झाला, असं लोक म्हणू लागले. खापर मास्तरांच्या डोक्यावर फुटलं. त्यांच्या घरी खापराला कधी तोटा नव्हताच. मास्तरांनी कुणाला काही समजावलं नाही. दूधवाल्यालासुद्धा नाही. दूधवाल्याने एकदोनदा रेडिओची आठवण काढून बघितली. मास्तरांनी नुसतं भांडं पुढे केलं.

डॉक्टरांकडे मात्र ते एकटेच जाऊन आले. म्हणाले, तुम्ही विचारलं होतं कधीपासून, तर मी निवृत्त झालो साधारण तेव्हापासून. थोडं आधीचंही असेल. डॉक्टर म्हणाले, बरं. मग चष्मा काढून म्हणाले, हे बघा, असं अमुक दिवशी सुरू होत नसतं. आम्ही अंदाजासाठी विचारतो. आता त्याने उपचारात काही फरक पडायचा नाही. मास्तर म्हणाले, हो, ते मला माहीत आहे, आणि नमस्कार करून जिना उतरले.

मेहुणीकडे ते दर रविवारी जायचे. पहिल्या रविवारी त्यांची चाहूल लागली तशा बाई ताठ झाल्या. मास्तर दारातल्या खुर्चीत बसले, कशालाही हात न लावता, कशाकडेही फार वेळ न बघता. ते त्यांना फार जड गेलं. बघणं हाच ज्याचा धंदा, त्याने डोळे ठेवायचे कुठे? त्यांनी ते पंख्यावर ठेवले. दुसऱ्या रविवारी ते चुकून मेहुणीच्या नवऱ्याची चप्पल घालून निघाले. बाईंच्या ते लक्षात आलं आणि त्या नाकातल्या नाकात हसल्या. मग पुढे बरेच रविवार मास्तर काहीतरी चुकायचे. छत्री विसरायचे. चहात साखर आहे का विचारून वर आणखी घालायचे. मेहुणी म्हणायची, भाऊजी, तुम्हालाही लागण झाली की काय. बाई हसायच्या, पण हसून झाल्यावर पुन्हा पाठ सरळ करायच्या.

पावसाळा संपता संपता एका रविवारी मास्तर गेले तेव्हा दार उघडंच होतं. मेहुणी स्वयंपाकघरात होती. बाई खिडकीतल्या बाकावर पाय वर घेऊन, भिंतीला रेलून बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात सुई होती. मांडीवर भांडी पुसायचा एक रुमाल. त्यावर लाल दोऱ्याचे टाके कुठेही कसेही गेले होते, लांब, आडवे, एकावर एक. बाई गुणगुणत होत्या.

मास्तर दारातच थांबले. खाकरायचंही त्यांना धाडस होईना. पण बाईंनी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. पाय खाली घेतले नाहीत. पाठ सरळ केली नाही.

"या ना," त्या म्हणाल्या. "बसा. आमची बहीण आहे आत. तिच्याकडे आलात ना?"

मास्तर बसले. खुर्चीत नाही, त्यांच्या शेजारी, बाकावर. इतक्या जवळ बसलं तरी त्या आक्रसल्या नाहीत.

"काय शिवताय?" मास्तरांनी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा बायकोला अहो-जाहो केलं.

"काय माहीत." बाई मोकळेपणाने हसल्या. रुमाल उचलून दाखवला, उलटा केला, त्यांनाच गंमत वाटली. "बिघडलंय सगळं."

"छान आहे."

"छान कुठलं, तुम्ही पण ना." मग त्यांनी एकदम दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "आमचे हे येतील हं एवढ्यात. रविवारी येतात. तुम्ही एक काम कराल का?"

"सांगा."

बाईंनी रुमालाची घाईघाईने घडी केली, सुई तशीच आत, आणि तो मास्तरांच्या हातात कोंबला.

"हे ठेवता का तुमच्याजवळ? त्यांना दिसायला नको."

मास्तरांनी रुमाल घेतला आणि शर्टाच्या आत सरकवला. सुई टोचली. ते हलले नाहीत.

"नाही दिसणार," ते म्हणाले.

"नक्की ना?"

"नक्की."

बाई पुन्हा भिंतीला रेलल्या आणि दोघं दाराकडे बघत बसली.